गच्चीवरचा भात आणि टँकरचा हिशेब

टोकियोतलं ओतेमाची म्हणजे तिथलं नरिमन पॉइंट. बँका, विमा कंपन्या, काचेच्या इमारती आणि घाईत चालणारी माणसं. २००५ साली तिथल्या एका इमारतीच्या तळघरात चक्क भाताला लोंब्या आल्या! पासोना नावाच्या, लोकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कंपनीने हा उद्योग केला होता. पूर्वी बँकेची तिजोरी होती त्या जागेत, जिथे सूर्याचा किरणही पोचत नाही तिथे, प्रखर दिव्यांखाली भाताचं खाचर. भात विकून पैसे कमवायचे हा हेतू नव्हताच. शहरातल्या तरुण पोरापोरींना शेतीतही करिअर दिसावं, एवढाच फंडा! पुढे २०१० मध्ये याच कंपनीने नव्या मुख्यालयाच्या लॉबीत खाचर केलं. रिसेप्शनसमोर भात! फोटो जगभर फिरले.

अशा फोटोंना एक्स्पायरी डेट नसते. फिरत फिरत ते माझ्या मावसबहिणीच्या मोबाइलवर पोचले. ताई हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. तिचे आईवडील बीडला. स्वतःचं घर, वर हजार चौरस फुटांची मोकळी गच्ची. काकांची रिटायरमेंट झालेली, हाताला काम नाही. ताईचा प्लॅन तयार होता. गच्चीवर मातीविना भात लावायचा, खाली टाकी, टाकीतलं पाणी पंपाने वर, वरून झिरपलेलं परत टाकीत. गोल गोल फिरणारं पाणी. एका सप्लायरने तिला पावणेदोन लाखांचं कोटेशनही दिलं होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ९० टक्के पाण्याची बचत.

मावशीची प्रतिक्रिया फोनवर ऐकण्यासारखी होती. ‘‘भात? बीडात? आन् पाणी काय पुण्याहून आणायलीस व्हय?’’

मावशीला हसू नका. बीड पर्जन्यछायेतला जिल्हा. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही कागदावर. प्रत्यक्षात कधी महिनाभर गायब, तर कधी परतीच्या वाटेवर एकदम धो धो. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. पण लातूरला पाणी देणारं, तेव्हा कोरडं पडलेलं मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. २०१९ च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वाधिक चारा छावण्या बीडमध्येच होत्या. दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात ती काही हौसेने नाही. अशा जिल्ह्यात ज्वारी-बाजरी पिकते, कापूस-सोयाबीन पिकतं. भात येतो तो रेशनच्या पोत्यातून नाहीतर मोंढ्यातून.

‘‘तू पत्रकार आहेस ना, मग शोध की खरं काय ते,’’ ताई म्हणाली. बोनस तिचा, गच्ची काकांची, मेहनत माझी! पण विषय भारी निघाला.

माती का नको?

आधी ताईच्या बाजूचं बोलू. मातीविना भात ही काही थाप नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, म्हणजे ‘इरी’त, शास्त्रज्ञ कित्येक वर्षं नुसत्या खतांच्या पाण्यात भाताची रोपं वाढवतायत. शोउइची योशिदा यांनी १९७६ च्या प्रयोग-पुस्तिकेत दिलेलं पोषणद्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘योशिदा द्रावण’ म्हणूनच ओळखलं जातं. आपल्याकडेही हे नवं नाही. शोल्टो डग्लस नावाच्या माणसाने १९४० च्या दशकात कालिंपाँगला खडी आणि वाळूत पिकं घेण्याची स्वस्त ‘बंगाल पद्धत’ बसवली होती. पंप नाही, दिवे नाहीत, फॅशन तर नाहीच.

आणि गच्चीवर माती नको म्हणायला एक अगदी साधं कारण आहे : वजन. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो, तिच्यावर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार येईल, असं भारतीय मानकात धरलेलं असतं. सहा इंच ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जातं. गच्चीभर खाचर केलं तर ते उद्या खालच्या बेडरूममध्ये यायचं! कोकोपीटसारखं हलकं माध्यम पाण्याने भिजलेलं असतानाही याच्या निम्म्यावर राहतं. (तरीही इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्ची भरायची नाही. हे काकांनी स्वतःहून सांगितलं, त्यामुळे मला वाईटपणा आला नाही.)

दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे. बीडची जमीन काळी, चुनखडीची. या मातीत लोह भरपूर असतं, पण पिकाला मिळत नाही. भात पाण्यात उभा असला तर मुळाशी हवा राहत नाही आणि लोह विरघळून पिकाला मिळतं. पाणी ओसरलं की तेच लोह पुन्हा घट्ट बसतं. मग नवी पानं पिवळी पडतात, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘केवडा’ पडतो. म्हणजे मराठवाड्यात भाताला पाणी फक्त तहानेसाठी लागत नाही, लोहासाठीही लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पेरसाळीवर बरंच काम केलंय ते याचमुळे. तिथलं ‘प्रभावती’ हे वाण उभ्या पाण्याशिवाय, ओलिताच्या काळ्या जमिनीत तग धरतं म्हणूनच नावाजलं गेलं. भात आणि मराठवाडा हे अगदीच अनोळखी नाहीत तर!

कोकोपीटमध्ये ही चुनखडीची कटकट नाही. लोह चिलेटच्या रूपात द्यायचं, पीएच साडेपाच-सहाच्या आसपास ठेवायचा, पानं हिरवीगार. शिवाय भाताचा एक स्वभाव इथे फारच सोयीचा आहे. त्याच्या देठातून मुळापर्यंत हवेच्या नळ्या असतात. लेट्यूसच्या पाण्यात हवेचा पंप सतत बुडबुडत ठेवावा लागतो. भाताला त्याचं टेन्शन नाही. लाइट गेली तर गेली. बीडमध्ये हा मुद्दा छोटा नाही.

दोन गोष्टी मात्र सप्लायरच्या किटमध्ये नव्हत्या. एक म्हणजे अमोनियम. किट लेट्यूसचं होतं, त्यातला नत्र जवळपास सगळा नायट्रेटचा. भाताला अमोनियम आवडतं आणि ते शोषताना मुळं आजूबाजूचं पाणी थोडं आंबट करतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पीएच सारखा वर चढतो, त्यावर हा फुकटचा उतारा! दुसरी गोष्ट सिलिका. भाताचं पान हातावरून ओढलं की कापतं, ते सिलिकामुळे. सिलिका नसेल तर भात लोळतो, रोग पटकन धरतो. मातीत ती आपोआप मिळते, नुसत्या खतपाण्यात नसते. आपल्याकडे डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातपद्धतीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख घालायला सांगतात ती याचसाठी. गिरणीतून फेकलेलं तूस जाळून परत भातालाच द्यायचं, रिसायकलिंग म्हणतात ते हे. कोकोपीटमध्येही थोडी राख चालते. थोडीच, कारण राख पीएच वाढवते.

आणि हो, कोकोपीट वापरायच्या आधी धुवावं लागतं. नारळाच्या भुशात मीठ असतं. धुवायला काय लागतं? पाणी!

९० टक्के कुठून आले?

आता कोटेशनवरचा तो ठळक आकडा. तो लेट्यूससारख्या पालेभाजीचा आहे आणि पालेभाजीपुरता तो फारसा चुकीचाही नाही. पण लेट्यूस महिना-सव्वा महिन्यात निघतं आणि आपण ते पानांसकट अख्खं खातो. भात चार महिने उभा असतो आणि आपण खातो फक्त दाणा. बाकी सगळा पेंढा.

इरीचं सरासरी गणित असं : एक किलो साळ, म्हणजे तुसासकटचा भात, पिकायला शेतात पावसाचं आणि ओलिताचं मिळून साधारण २,५०० लिटर पाणी लागतं. त्यातलं सुमारे १,४३० लिटर पानांतून आणि खाचरातून वाफ होऊन उडून जातं. उरलेलं हजारभर लिटर जमिनीत मुरतं, बांधातून पाझरतं. ताईची टाकी हेच उरलेलं पाणी परत पकडणार होती. पण उडून गेलेलं? त्याला पंप लावता येत नाही!

बरं, पाझरणारं पाणी वाया जातं हेही पूर्ण खरं नाही. कोकणात वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात, तिथलं त्याच्या खालच्यात जातं आणि शेवटी कोणाच्या तरी विहिरीला लागतं. पुनर्वापर म्हणजे हेच, फक्त त्याला कोटेशन नसतं.

पानातून उडालेलं पाणी परत हवं असेल तर अख्खी खोलीच बंद करावी लागते आणि हवेतली वाफ थंड करून पुन्हा पाणी करावी लागते. अवकाशस्थानकात तसं करतात. चीनच्या अवकाशस्थानकावर २०२२ मध्ये १२० दिवसांत बी ते बी असा भाताचा पूर्ण फेरा झाला, तो असाच सगळं बंद ठेवून. टोकियोच्या तळघरातही छप्पर आणि एसी होता. बीडच्या गच्चीवर एप्रिलचं ऊन आणि मोकळा वारा असतो.

मग मी आणि काका चहा घेता घेता हिशेबाला बसलो. काकांनी आयुष्यभर हिशेबच केले, त्यामुळे पेन त्यांच्या हातात.

हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. पावसाळ्याच्या दिवसांत भात दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. म्हणजे गच्चीभर भाताला रोज ४६५ लिटर. ११० दिवसांचे ५१ हजार लिटर. काका म्हणाले, ‘‘दहा हजारी पाच टँकर. एक थेंब न सांडता.’’ आणि पीक? हेक्टरी चार टन साळ धरली तर गच्चीवर ३७ किलो. कांडल्यावर तांदूळ २५ किलो. खूप जपून, खतपाणी अगदी वेळेवर देऊन उत्पन्न दुप्पट केलं तरी ५० किलो. पावणेदोन लाखांची सिस्टीम दहा वर्षं टिकली आणि दर वर्षी एक पीक घेतलं, तर २५ किलोच्या हिशेबाने तांदूळ पडला ७०० रुपये किलो. वीज, खत आणि काकांची कंबर सोडून!

भाजीच्या प्लास्टिक क्रेटचं माप घेतलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमध्ये सहा चुडं बसतात. चार महिन्यांनी त्यातून निघतो ६०-६५ ग्रॅम तांदूळ. एक क्रेट, चार महिने, एक वाटी भात. मी त्या रात्री ताटात भात टाकला नाही, खरंच सांगते.

टाकीत काय साठतं?

पाणी गोल फिरवण्यात एक मेख आहे जी फोटोत दिसत नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. समजा बोअरचं पाणी इतकं चांगलं निघालं (मराठवाड्यात हा आशावादच), तरी ५१ हजार लिटरमधून २५ किलो क्षार टाकीत आणि क्रेटमध्ये येऊन पडणार. म्हणजे जेवढा तांदूळ तेवढेच क्षार. त्यातलं थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम पीक घेईल, सोडियम आणि क्लोराइड जवळपास तिथेच.

भात खारेपणाच्या बाबतीत नाजूक आहे. मुळाशी ईसी तीनच्या वर गेला की उत्पन्न घटायला लागतं. ५०० टीडीएसचं पाणी उडून चौथाईवर आलं की साधारण त्या रेषेला टेकतं, आणि आपण घातलेली खतं धरली तर त्याच्याही आधी. म्हणजे मधूनमधून टाकी ओतून द्यायचीच. ‘पाणी कायम तेच फिरतं’ हे वाक्य ब्रोशरमध्येच बरं. शिवाय फिरत्या पाण्यात एका क्रेटच्या मुळांना बुरशी लागली की ती टाकीतून सगळ्यांना पोचते, अगदी ऑफिसच्या एसीतून सर्दी पोचते तशी.

ताईची पुढची आयडिया होती आरओ मशीनचं फेकलं जाणारं पाणी वापरायची. वाटतं सुंदर, पण ते पाणी म्हणजे आधीच गाळून दाट केलेले क्षार. ते फरशी पुसायला ठीक. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, पण बीडच्या घरातल्या एका एसीतून भाताची तहान काय भागणार!

ज्या पाण्यात मीठ नसतं, जे फुकट मिळतं आणि थेट गच्चीवर पोच होतं, ते म्हणजे पाऊस. इथे काकांनी पेन पुन्हा उचललं. ९३ चौरस मीटर गच्चीवर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० हजार लिटर. भाताची गरज ५१ हजार. आकडे जवळजवळ जुळतात! मला एकदम भारी वाटलं. काकांना नाही. ‘‘सरासरी काय खायचीय? ऑगस्टमध्ये तीन आठवडे ताण दिला तर तुझा भात काय करील?’’

बरोबर आहे. ज्वारी काय करते? पाऊस काळ्या मातीत मुरतो, मग रब्बीची ज्वारी त्या ओलीवर, वरून पाण्याचा थेंब न मागता, हुरड्यापर्यंत येते. मातीच तिची टाकी. हलक्या माध्यमाचा फायदा गच्चीला होतो, पण सहा इंच कोकोपीटमध्ये थोड्याच दिवसांचं पाणी मावतं, तीन आठवड्यांचं नाही. त्यामुळे गच्चीवरच्या भातात खरी महाग वस्तू माध्यम नाही आणि पंपही नाही. खरी महाग वस्तू म्हणजे जुलैचं पाणी ऑगस्टपर्यंत सांभाळणारी टाकी.

मग ठरलं काय?

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा पाच सेकंद शांतता. मग टेस्टरचा प्रश्न आला. ‘‘किती क्रेटला पावसाचं पाणी नक्की पुरेल?’’

हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता, असं मला वाटतं. कोणत्याही सप्लायरने तो विचारला नसता. चोवीस क्रेट म्हणजे पावणेसहा चौरस मीटर. रोज २९ लिटर, दोन बादल्यांच्या आत. पाऊस थांबला तरी दोन हजार लिटरची टाकी दोन महिन्यांहून जास्त पुरते, आणि ती भरायला गच्चीवर एक-दोन चांगल्या सरी बास. पंप नको, झाऱ्याने काम होतं. क्रेटच्या तळातून झिरपलेलं पाणी ट्रेमध्ये जमा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. पावसाचंच पाणी असल्यामुळे क्षार हळू चढतात. ईसी मीटर पेनासारखा मिळतो. काकांना तो इतका आवडला की आता घरातल्या प्रत्येक नळाची ईसी त्यांना पाठ आहे.

सतत पाणी उभं ठेवायचीही गरज नाही. इरीने शेतकऱ्यांसाठी ‘आलटून पालटून ओलं-कोरडं’ अशी पद्धत बसवलीय. जमिनीत भोकं पाडलेली नळी रोवायची, आतली पातळी ठरावीक खाली गेली की मगच पाणी द्यायचं, फक्त फुलोऱ्यात ताण द्यायचा नाही. शेतात यातून ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं. क्रेटमध्ये बचत किरकोळ, पण एक बोनस आहे : पाणी उभं नाही म्हणजे डासांची अंडी नाहीत. शेजाऱ्यांशी संबंध टिकतात.

चोवीस क्रेटमधून दीड किलो तांदूळ येईल, सगळं छान जमलं तर तीन. मावशीला विचारलं, एवढ्यासाठी चालेल का?

‘‘तीन किलो व्हय? चतुर्थीच्या परसादाला लय झालं. पर कांडून कोण देणार? इथं काय कोकण हाय का?’’

हा मुद्दा आमच्या कोणाच्याच एक्सेलमध्ये नव्हता. ज्वारीच्या पिठाच्या गिरणीत साळ घालून चालत नाही, पीठच व्हायचं. शेवटी आजीच्या वेळचं उखळ परसातून वर काढायचं ठरलं.

कोटेशन ताईने नाकारलं. त्या पैशातला छोटा हिस्सा गच्चीच्या पन्हाळीला पाइप आणि खाली टाकी यांवर गेला. ही टाकी भात नसेल तेव्हा कपडे धुवायला आणि दारातल्या कढीपत्त्याला कामाला येते. बियाण्यासाठी काका परभणीला जाऊन येणार आहेत. रोपं ट्रेमध्ये करायची, जूनच्या सुरुवातीला. दोन आठवड्यांनी लावणी. चिमण्यांसाठी जाळी आत्ताच आणून ठेवलीय.